यकृताच्या प्रतीक्षेतील बालक आणि त्याचे पालक : वाट पाहण्याचा काळही उपचाराचाच

नवजात बालकाला झालेली कावीळ बहुतेक घरांत दोन आठवड्यांत ओसरते आणि पुढे विसरलीही जाते. थोड्या घरांत मात्र ती ओसरत नाही. डोळ्यांतील पिवळेपणा गडद होत जातो, पोट फुगू लागते, तपासण्यांमागून तपासण्या होतात आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, की या मुलाचे यकृत फार काळ साथ देणार नाही, प्रत्यारोपण करावे लागेल. हे ऐकण्याची वेळ येते तेव्हा मूल अनेकदा वर्षाचेही झालेले नसते.

त्या दिवसापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतचा काळ काही घरांत आठवड्यांचा असतो, काहींत अनेक महिन्यांचा. आता आपल्या हाती काही उरले नाही, अशी भावना या काळात पालकांना घेरते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शस्त्रक्रिया शल्यविशारद करतात, परंतु मूल त्या दिवशी किती वजनाचे, किती लसी घेतलेले आणि संसर्गापासून किती दूर राहिलेले असेल, हे बऱ्याच अंशी घरात ठरते. या काळात पालकांनी काय करावे, कायदा काय सांगतो आणि मुलाचे बालपण कसे जपावे, याचा हा आढावा.

आजाराचे स्वरूप

लहान मुलांमध्ये यकृत प्रत्यारोपणाची गरज निर्माण करणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे बिलिअरी अट्रेशिया हा आजार. यकृतात तयार होणारे पित्त आतड्यापर्यंत नेणाऱ्या नलिका या आजारात जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच बंद झालेल्या असतात. पित्त यकृतातच साचते आणि यकृत हळूहळू कठीण होत जाते. साधारणपणे दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकात हा आजार आढळतो, तर पूर्व आशियात त्याचे प्रमाण अधिक आहे. उपचार न झाल्यास यातील बहुतेक मुले दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत.

आजाराची खूण मात्र कोणत्याही घरात ओळखता येण्यासारखी आहे. पित्त आतड्यात उतरत नसल्याने बाळाच्या शौचाला पिवळा रंग येत नाही. ते पांढुरके, राखाडी किंवा मातकट दिसते. लघवी मात्र गडद पिवळी होऊन लंगोटावर डाग पाडते. चौदा दिवसांनंतरही टिकलेली कावीळ आणि फिक्या रंगाचे शौच ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन रक्तातील बिलिरुबिनची, विशेषतः त्यातील ‘डायरेक्ट’ या भागाची तपासणी करून घेणे आवश्यक असते. तैवानने २००४ मध्ये शौचाच्या रंगांचे चित्रपत्रक देशभर पालकांच्या हाती दिले, ते याच कारणासाठी.

आपल्याकडे हा मोलाचा वेळ अनेकदा वाया जातो. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवावे, कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यावे, गळ्यात माळ घालावी, गावठी औषधाचे थेंब द्यावेत, असे सल्ले आप्तेष्टांकडून येतात. त्यामागे माया असली तरी बंद नलिका त्याने उघडत नाही. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून दिली जाते. ती बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली, तर यशाची शक्यता सर्वाधिक असते. तरीही कासाई शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना पुढे केव्हा ना केव्हा प्रत्यारोपणाची गरज भासते. उशिरा निदान झालेल्या मुलांसाठी तर बहुधा तोच एक मार्ग उरतो.

एका तुकड्याची किमया

जगातील पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण १९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी केले. तो रुग्ण बिलिअरी अट्रेशिया झालेला तीन वर्षांचा मुलगा होता. तो वाचला नाही. एक वर्षाहून अधिक काळ जगलेला पहिला रुग्णही एक बालकच होते, ती शस्त्रक्रिया १९६७ मधली. या उपचारपद्धतीच्या इतिहासाची पहिली पाने अशी लहान मुलांनीच लिहिली आहेत.

मात्र लहान मुलाच्या पोटात मावेल असे यकृत मिळणे ही फार मोठी अडचण होती. तिच्यावरचा तोडगा यकृताच्या रचनेतच दडलेला होता. यकृताचा काही भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत ते काम सांभाळण्याइतका वाढतो. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी मातेच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला बसवला आणि जिवंत दात्याकडून यकृत घेण्याचा मार्ग यशस्वी ठरला. आज लहान मुलासाठी प्रौढ दात्याच्या यकृताचा डावीकडचा, साधारणतः एकपंचमांश ते एकचतुर्थांश इतका भाग पुरेसा असतो.

भारतात बालकाचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १५ नोव्हेंबर १९९८ रोजी दिल्लीतील इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात झाले. रुग्ण होता तमिळनाडूतील कांचीपुरम येथून आलेला, दोन वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा आणि दाता होते त्याचे वडील. आजार बिलिअरी अट्रेशियाच होता. हाच मुलगा पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन स्वतः डॉक्टर झाला. अनुभवी केंद्रांत आज प्रत्यारोपण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुले शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने सुखरूप असतात.

ताटातील औषध

प्रतीक्षेच्या काळातील पहिले काम आहे मुलाचे पोषण. पित्ताशिवाय स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, यकृत अन्नाचा साठा करू शकत नाही आणि फुगलेल्या पोटामुळे मुलाची भूक मरते. त्यामुळे निरोगी मुलापेक्षा या मुलाला अधिक उष्मांक लागतात, अनेकदा नेहमीच्या गरजेच्या सव्वा ते दीडपट. कुपोषित अवस्थेत शस्त्रक्रियेला गेलेल्या मुलात गुंतागुंतीची शक्यता वाढते. म्हणून या काळातला प्रत्येक घास औषधाइतकाच मोलाचा ठरतो.

कावीळ म्हटली की तेल-तूप बंद आणि उसाचा रस सुरू, ही आपल्या घरांतील जुनी रीत या मुलांसाठी घातक ठरते. डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितल्याशिवाय मुलाची प्रथिने किंवा स्निग्ध पदार्थ कमी करू नयेत. पित्ताच्या मदतीविना शोषली जाणारी ‘एमसीटी’ प्रकारची मेदद्रव्ये आहारात वाढवली जातात. तसे विशेष दूध आणि तेल बाजारात मिळते. खोबरेल तेलातही अशी द्रव्ये बऱ्यापैकी असतात, मात्र त्याचे प्रमाण आहारतज्ज्ञांनी ठरवावे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात नीट शोषली जात नसल्याने ती वेगळी द्यावी लागतात. यातील के जीवनसत्त्व कमी पडल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि किरकोळ मारानेही रक्तस्राव होऊ शकतो.

तोंडाने पुरेसे अन्न जात नसेल, तर नाकावाटे जठरापर्यंत बारीक नळी घालून रात्रभर संथ गतीने अन्न दिले जाते. ही नळी पाहून घरातील माणसे हादरतात. आपण मुलाला भरवण्यात कमी पडलो, असे आईला वाटू लागते. परंतु नळी हे अपयशाचे चिन्ह नाही. शस्त्रक्रियेसाठी मुलाला बळ देण्याचा तो एक मार्ग आहे.

वजनकाट्यावर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. पोटात पाणी साचले की वजन वाढलेले दिसते आणि मूल बाळसे धरत असल्याचा भास होतो. यासाठी डॉक्टर दंडाचा घेर मोजतात. अंगणवाडीत वापरली जाते तशी मोजपट्टी घरी ठेवून, तपासणीच्या वेळी शिकून घेतलेल्या पद्धतीने ठरावीक दिवशी केलेली नोंद फार उपयोगी पडते.

लसींची घाई आणि घरातील शिस्त

प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे यकृत नाकारू नये, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. ती सुरू झाल्यावर गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या लसी सहसा देता येत नाहीत. त्यामुळे त्या शस्त्रक्रियेपूर्वी, शक्यतो किमान चार आठवडे आधी, पूर्ण करण्याचा प्रयत्न होतो. गोवराची लस अशा मुलांना सहाव्या महिन्यापासूनही देता येते. मूल आजारी आहे, म्हणून लस पुढे ढकलण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती येथे उपयोगाची नाही. प्रत्यारोपण केंद्राकडून लसींचे वेळापत्रक लेखी मागून घ्यावे.

घरातील इतरांच्या लसीही पूर्ण असाव्यात. प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या घरात लहान भावंड असेल, तर त्याला पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. थेंबांतील जिवंत विषाणू घरातल्या घरात पसरू शकतो, म्हणून अशा घरांत इंजेक्शनद्वारे दिली जाणारी लस निवडली जाते.

संसर्ग टाळण्याचे नियम साधे आहेत, परंतु आपल्या कौटुंबिक रीतीत ते पाळणे अवघड जाते. आजारी मुलाला पाहायला येणे हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा भाग मानला जातो. सर्दी-खोकला असलेल्या काकांना किंवा शेजाऱ्यांना दारातूनच परत पाठवणे पालकांना जड जाते. हे काम घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने स्वतःकडे घेतले, तर तरुण आई-वडिलांवरचा भार हलका होतो. बाळाला उचलण्यापूर्वी हात धुणे, उघड्यावरचे पदार्थ टाळणे, पाणी उकळून घेणे आणि गर्दीचे समारंभ वर्ज्य करणे, इतके सांभाळले तरी पुष्कळ साधते.

काही लक्षणे दिसताच सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. कासाई शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला आलेला ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पोटाचा घेर एकाएकी वाढणे, मूल सुस्त होणे किंवा त्याच्या झोपेचे चक्र उलटे होणे, तसेच नाक किंवा हिरड्यांतून न थांबणारे रक्त ही ती लक्षणे. त्यांची यादी, औषधांची मात्रा, रक्तगट आणि केंद्राच्या समन्वयकाचा दूरध्वनी क्रमांक असलेला कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवून ठेवावा. रात्री-अपरात्री घरात कोणीही असले, तरी तो कागद उपयोगी पडतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि कोणतीही काढे-चूर्णे डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत.

दाता कोण होणार

भारतात बालकांची बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांमुळे होतात आणि दाता बहुधा आई किंवा वडील असतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रारंभी महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीने आई-वडील, भावंडे, अपत्ये आणि पती-पत्नी यांच्याबरोबरच आजी-आजोबा आणि नातवंडे यांचाही समावेश ‘जवळचे नातेवाईक’ या व्याख्येत केला. मामा, मावशी, आत्या, काका हे आपल्या दृष्टीने कितीही जवळचे असले, तरी कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाहीत. त्यांना दाता व्हायचे असेल, तर प्राधिकार समितीची परवानगी घ्यावी लागते. जन्मदाखला, विवाह नोंदणी, ओळखपत्रे यांची जुळवाजुळव म्हणूनच लवकर सुरू करावी. नावांच्या स्पेलिंगमधील किरकोळ फरकही ऐन वेळी अडचण ठरतो. अवयवाची खरेदी-विक्री हा पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंडाचा गुन्हा आहे. दलालाने कितीही आशा दाखवली, तरी त्या वाटेला जाऊ नये.

दात्याचा रक्तगट, यकृतातील रक्तवाहिन्यांची ठेवण, चरबीचे प्रमाण आणि एकूण प्रकृती तपासली जाते. यकृतात चरबी अधिक आढळल्यास दात्याला काही आठवडे आहार आणि व्यायामाने वजन उतरवावे लागते. मुलासाठी रोज पहाटे चालायला निघणारे वडील हेही उपचाराचाच एक भाग असतात. रक्तगट जुळत नसला, तरी तान्ह्या बाळांमध्ये काही वेळा प्रत्यारोपण शक्य असते. शिवाय दोन कुटुंबांनी परस्परांच्या रुग्णांसाठी दाता देण्याची अदलाबदल पद्धतही २०११ च्या दुरुस्तीने कायदेशीर केली आहे.

कागदोपत्री संमतीआड मात्र एक नाजूक प्रश्न असतो. आईच देणार, हे अनेक घरांत चर्चेविना गृहीत धरले जाते. सासरच्या मंडळींसमोर ‘मला भीती वाटते’ असे म्हणण्याची सोय तिला नसते. यकृताचा लहान डावा भाग देण्याची शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित असली, तरी ती जोखीमविरहित नाही. अशा शस्त्रक्रियेत दात्याच्या मृत्यूचा धोका दर हजारी सुमारे एक इतका मानला जातो. म्हणूनच दात्याशी डॉक्टरांनी एकांतात बोलणे अपेक्षित असते आणि शेवटच्या क्षणापर्यंत नकार देण्याचा हक्क दात्याला असतो. त्याने नकार दिल्यास वैद्यकीयदृष्ट्या योग्य नसल्याचे एवढेच कुटुंबाला सांगून त्याची बाजू राखण्याची प्रथा अनेक केंद्रांत पाळली जाते. भीती व्यक्त करणारे पालक मुलावर कमी प्रेम करतात, असा अर्थ कोणी काढू नये.

आई दाता असेल, तर नियोजनाच्या आणखी काही बाबी पुढे येतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध काही काळ तुटते, त्यामुळे त्याला इतर आहाराची सवय आधीच लावावी लागते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे तिला जड वजन उचलता येत नाही, त्यात तिचे स्वतःचे मूलही आले. शस्त्रक्रियेच्या दिवशी एक पालक दात्यांच्या कक्षात, मूल अतिदक्षता विभागात आणि दुसरा पालक दोन मजल्यांमध्ये धावत असतो. म्हणून तिसरा प्रौढ माणूस सोबत असणे अपरिहार्य ठरते. ती आजी असो, मावशी असो वा काका, त्यांचे नाव आधी ठरवून त्यांनाही औषधे आणि स्वच्छतेचे नियम शिकवून ठेवावेत.

घरात दाता नसेल तर

कुटुंबात योग्य दाता नसेल, तर मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवासाठी नाव नोंदवले जाते. ही नोंदणी मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समित्या, तेलंगणात ‘जीवनदान’, कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ आणि तमिळनाडूत ‘ट्रान्स्टान’ या यंत्रणा वाटपाचे काम पाहतात. देशपातळीवर दिल्लीतील राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, म्हणजेच ‘नोटो’, समन्वय साधते. तिचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-४७७० असा आहे. राज्याच्या रहिवासी दाखल्याची अट काढून टाकण्याचा निर्णय केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना कळवला. नोकरी-व्यवसायासाठी इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

मुलाची निकड ठरवताना बारा वर्षांखालील रुग्णांसाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेग, वय आणि वाढीतील खुंट यांवर आधारलेला ‘पेल्ड’ हा गुणांक वैद्यकीय जगात वापरला जातो. यादीतला क्रमांक निव्वळ रांगेचा नसतो. प्रकृतीतील बदल, रक्तगट आणि आकारमान यांचाही विचार होतो. एका प्रौढ दात्याच्या यकृताचे दोन भाग करून डावा लहान भाग बालकाला आणि उजवा मोठा भाग प्रौढाला देणेही शक्य असते.

मात्र भारतात मरणोत्तर अवयवदानाचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एका दात्याहूनही कमी आहे. यादीतील नावापुढे आशा असते, खात्री नसते. येणाऱ्या दूरध्वनीमागे दुसऱ्या एका घराचा शोक असतो, याची जाणीवही या पालकांच्या मनात घर करते. दुसऱ्याचे मूल किंवा माणूस जावे, अशी इच्छा त्यांनी केलेली नसते. त्या घराने दुःखातही घेतलेल्या निर्णयाचा लाभ त्यांना मिळतो, इतकेच. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

पैसा, प्रवास आणि रजा

खासगी रुग्णालयांत बालकाच्या यकृत प्रत्यारोपणाचा खर्च साधारणपणे पंधरा ते पंचवीस लाख रुपयांच्या घरात जातो. पुढील औषधे आणि तपासण्यांचा खर्च वेगळा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, राज्यांचे मुख्यमंत्री सहायता निधी, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधी आणि धर्मादाय विश्वस्त संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. तमिळनाडूसारख्या काही राज्यांच्या आरोग्य विमा योजनांत यकृत प्रत्यारोपणाचा समावेश आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक हा या कामातील खरा वाटाड्या. पहिल्याच आठवड्यात त्याची भेट घ्यावी.

समाजमाध्यमांवरून मदत मागताना मुलाचे उघडे, नळ्या लावलेले छायाचित्र जगभर पसरते आणि पुढे ते मागे घेता येत नाही. हे मूल उद्या शाळेत जाणार आहे, याचे भान ठेवून छायाचित्र निवडावे, पत्ता आणि वैद्यकीय कागद सरसकट देऊ नयेत आणि जमा रकमेचा हिशेब लिहून ठेवावा.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयवदान केल्यास त्याला कमाल ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळते. इतर नोकरदारांनी आपल्या आस्थापनेचे नियम आधीच लेखी विचारून घ्यावेत. शस्त्रक्रियेनंतर दोन ते तीन महिने केंद्राजवळ राहावे लागत असल्याने धर्मशाळा किंवा भाड्याची खोली शोधणे, थोरल्या भावंडाच्या शाळेची सोय लावणे ही कामेही प्रतीक्षेच्याच काळात उरकावी लागतात.

आजारी असले तरी मूलच

यकृताच्या आजारातील खाज ही मुलाला सर्वाधिक त्रास देणारी बाब असते. रात्ररात्र मूल झोपत नाही, अंग ओरबाडून घेते. नखे बारीक कापणे, सुती कपडे, त्वचेला मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेले औषध यांनी ती थोडी आटोक्यात येते. चिडचिडे वागणे हा पुष्कळदा स्वभाव नसून खाज आणि अपुरी झोप यांचा परिणाम असतो, हे लक्षात ठेवले तर रागाची जागा समजूत घेते.

अशा मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवला जातो, कारण ‘उद्याचे कोणी पाहिले आहे’ हा विचार मनात असतो. परंतु झोपेची वेळ, जेवणाची रीत आणि ‘नाही’ या शब्दाचा अर्थ या गोष्टी मुलाला आधार देतात. सर्व नियम एकाएकी गळून पडले, की काहीतरी भयंकर घडते आहे, हे तेही ओळखते. रांगणे, उभे राहणे, शब्द शिकणे या टप्प्यांना आजाराने उशीर होऊ शकतो. म्हणून रोज थोडा वेळ जमिनीवर खेळ, गाणी, चित्रांचे पुस्तक आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बालविकास तज्ज्ञांची मदत चालू ठेवावी.

सुई टोचण्यापूर्वी ‘काही दुखणार नाही’ असे सांगू नये. ‘थोडे दुखेल, मी हात धरून बसते’ हे दोन-तीन वर्षांच्या मुलालाही समजते आणि पुढच्या वेळी ते आईवर विश्वास ठेवते. थोरल्या भावंडालाही त्याच्या वयाला झेपेल इतके सत्य सांगावे. आपण भांडलो म्हणून बाळ आजारी पडले, अशी समजूत मुले मनात धरून बसतात. तो दोष कुणाचाच नाही, हे त्याला शब्दांत सांगावे लागते.

हेच वाक्य आईलाही सांगण्याची गरज असते. गरोदरपणात काय खाल्ले, कोणते ग्रहण पाळले नाही, याची चौकशी आपल्या समाजात अजूनही होते. बिलिअरी अट्रेशियाचा संबंध आईच्या खाण्याशी वा वागण्याशी असल्याचे कोणतेही वैद्यकीय प्रमाण नाही. पती-पत्नींनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेणे, आठवड्यातून एकदा आजाराखेरीज दुसऱ्या कशाविषयी तरी बोलणे आणि झोप पूर्णपणे उडाल्यास समुपदेशकाची भेट घेणे, यात चैन नाही. थकलेल्या माणसाकडून औषधाची मात्रा चुकू शकते.

शस्त्रक्रियेनंतरची वाट

प्रत्यारोपणाने आजार संपतो, देखभाल संपत नाही. टॅक्रोलिमससारखे औषध दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, बहुधा आयुष्यभर द्यावे लागते. रक्तातील त्याचे प्रमाण तपासत राहावे लागते. पपनस आणि त्याच्या जातीची काही फळे हे प्रमाण वाढवतात, म्हणून ती टाळावी लागतात. पहिल्या वर्षात नवे यकृत नाकारले जाण्याचे प्रसंग येऊ शकतात, तथापि वेळीच लक्षात आल्यास बहुतेक वेळा औषधांनी ते आटोक्यात येतात. हळूहळू तपासण्यांमधील अंतर वाढते आणि मूल इतरांप्रमाणे शाळेत जाऊ लागते.

सर्वच मुलांपर्यंत यकृत वेळेत पोहोचत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींची प्रकृती प्रतीक्षेतच ढासळते. अशा वेळी पुढे काय करावे, काय करू नये, मुलाच्या वेदना कशा कमी कराव्यात, याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. त्या संवादासाठी उपशामक उपचारांतील तज्ज्ञांची मदत आधीपासून घेतली, तर मुलाला आणि घराला दोघांनाही स्वस्थता लाभते.

समाजाच्या हाती दोन गोष्टी आहेत. बाळंतिणीच्या खोलीत पांढुरके शौच पाहणारी आजी, सुईण वा आशा सेविका यांनी त्याच आठवड्यात बाळाला रुग्णालयात पाठवले, तर काही मुलांवर प्रत्यारोपणाची वेळच येणार नाही किंवा ती बरीच पुढे ढकलली जाईल. आणि मेंदूमृत्यूच्या प्रसंगी आपल्या घराचा निर्णय काय असेल, हे प्रत्येक कुटुंबाने निरोगी असतानाच जेवणाच्या पानावर बोलून ठेवले, तर यादीतील एखाद्या बालकाची वाट थोडी लहान होईल.